खताच्या क्रेटमध्ये कोण कोण राहतं

क्रेटचं झाकण उघडलं की आधी वास घ्यावा, मग जरा थांबून काय काय हलतंय ते बघावं. गांडूळखत कसं करायचं असं विचारायला कोणीही आलं तरी मी पहिल्यांदा हेच सांगते. ओल जास्त झाली, आंबटपणा वाढला, हवा कोंडली, हे कळायला कुठलंही यंत्र लागत नाही. तिथे मुक्कामाला आलेले जीवच ते सांगतात. पण आपण गांडूळ सोडून बाकी सगळ्यांना कीड समजतो आणि लगेच फवारा शोधायला लागतो. तसं करू नका.

मी दापोली तालुक्यात राहते. मागीलदारी थोडे माड आणि पोफळी आहेत, घरात मासळी येते, आणि पावसाळ्यात सगळं चिंब असतं. त्यामुळे मी सांगते ती रीत कोकणातल्या घराची आहे. घाटावर किंवा शहरातल्या गॅलरीत करणाऱ्यांनी पाणी जास्त शिंपडावं आणि उन्हाळ्यात ओल्या गोणपाटाचं पांघरूण घालावं, बाकी फरक फार नाही.

आंब्याचं जुनं प्लास्टिकचं क्रेट घ्या. आतून जुनी सुती साडी किंवा शेडनेट लावा. तळाला सोडणांचे, म्हणजे नारळाच्या सालांचे, तुकडे दोन-तीन इंच, त्यावर ओला पातेरा (गळलेला पालापाचोळा), त्यावर शेण. शेण ताजं नको. ताजं शेण तापतं आणि त्यातल्या वायूने गांडुळं मरतात. दहा-पंधरा दिवस पडून थंड झालेलं घ्या. क्रेट पडवीत ठेवा, जिथे पागोळ्यांचं पाणी उडत नाही आणि पश्चिमेचं ऊन येत नाही. खाली स्टूल, स्टुलाच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या, म्हणजे मुंग्या चढत नाहीत. वाटीतल्या पाण्यात तेलाचे दोन थेंब टाका, नाहीतर डास अंडी घालतील. वरून बारीक जाळी आणि गोणपाट हवंच. जाळी कशासाठी ते पुढे येईल.

आता गांडुळं. शेतात खोल बिळं करणारी मातीतली गांडुळं उचलून क्रेटमध्ये टाकू नका, ती तिथे रमत नाहीत. विकत मिळतात ती बहुतेक दोन जातींची: आयसेनिया फेटिडा, तांबूस आणि अंगावर फिकट पट्टे असलेलं, आणि युड्रिलस, लांब आणि जांभळट झाक असलेलं. आपल्या दमट उष्म्यात युड्रिलस बरं टिकतं. पण मला सगळ्यात आवडतं ते तिसरं, पेरिओनिक्स. ते इथलंच आहे, फुकट मिळतं, आणि शेणाच्या जुन्या ढिगाखाली ओलसर जागी सापडतं. बारीक, तुरतुरीत, हात लावला की उसळी मारणारं, तोंडाकडे निळसर चमक असलेलं. पावसाळी हवा झाली की ते क्रेटच्या कडांवर चढून बाहेर जायला बघतं. अशा रात्री पडवीतला दिवा चालू ठेवा. उजेड नको असतो, म्हणून ते आत राहतं.

गांडूळ दिवसाला साधारण आपल्या वजनाच्या निम्मं खातं. म्हणजे पाव किलो गांडुळं सोडली तर रोज सव्वाशे ग्रॅमच्या आसपास कचरा खपेल. चार माणसांच्या घराला एक क्रेट पुरत नाही, हे आधीच मान्य करा. दोन-तीन क्रेट लावा किंवा उरलेला कचरा मागीलदारी पातेऱ्याच्या ढिगात घाला. एका क्रेटवर सगळा भार टाकला की ते सडतं, आणि मग लोक म्हणतात, गांडूळखताला वास येतो.

काय घालायचं: भाज्यांची देठं, केळीची सालं, धुतलेली चहापूड, निर्माल्यातली फुलं (दोरा आणि वाती काढून), अंड्यांच्या कवचांची पूड. ही पूड महत्त्वाची. गांडुळाला दात नसतात, त्याच्या पेषणीत अन्न दळायला कणीदार काहीतरी लागतं, शिवाय आंबटपणाही कमी होतो. काय नाही: लिंबाची सालं, कोकम, लोणचं, मीठ आणि तेल लागलेलं काहीही, मासळी. प्रत्येक वेळी कचऱ्यावर दोन बोटं जाड सुका पातेरा. पातेरा फेब्रुवारी-मार्चमध्ये झाडून पोत्यांत भरून ठेवा, जुलैत सुकं पान मिळणार नाही.

महिनाभरात पाहुणे येतात.

पांढऱ्या दोऱ्यासारखे बारीक जीव झुबक्याने दिसले की अनेकांना वाटतं गांडुळांना पिल्लं झाली. नीट बघा. गांडुळाचं पिल्लू गुलाबी असतं, त्याच्या अंगातून लाल शीर दिसते. हे पांढरेच राहतात. ते गांडुळांचे लांबचे नातलग, अपाय काही करत नाहीत, पण ते वाढले म्हणजे क्रेट आंबट आणि ओलं झालंय. कवचाची पूड घाला, पातेरा वाढवा, खाणं थोडं थांबवा. टणाटण उडणारे पांढरे ठिपके बुरशी खातात, त्यांना राहू द्या. लालसर माइट, म्हणजे ठिपक्याएवढे कोळ्यांच्या जातीचे जीव, वाढले तर पावाचा तुकडा ओला करून वर ठेवा. दुसऱ्या दिवशी त्यावर थर जमतो, तो तुकडाच उचलून बाहेर टाका.

चिलटं फळांच्या सालांबरोबरच घरात येतात, अंडी सालीवरच असतात. आंब्या-फणसाच्या दिवसांत सालं उघडी टाकू नका, पातेऱ्याखाली पुरा. मुंग्या आल्या तर क्रेट कोरडं पडलंय. पाणी शिंपडा आणि स्टुलाखालच्या वाट्या भरल्यात का बघा. हात लावताच गुंडाळी करणारा पैसा किडा पालापाचोळाच खातो, तो कामाचा आहे. गोम मात्र गांडुळं खाते, आणि चावतेही, तिला चिमट्याने बाहेर काढा. दोघांत गोंधळ होत असेल तर पाय बघा: गोमेला शरीराच्या प्रत्येक कड्याला पायांची एक जोडी, पैशाला बहुतेक कड्यांना दोन.

आता जाळीचं कारण. माड असलेल्या घराने हा भाग दोनदा वाचावा. शेणखतात अंगठ्याएवढी जाड, पांढरी, वाकडी होऊन पडलेली अळी सापडते. सगळे तिला सरसकट हुमणी (पिकांची मुळं खाणारी अळी) म्हणतात. पण ती गेंड्या भुंग्याची असू शकते. हा भुंगा शेणाच्या आणि कुजक्या पालापाचोळ्याच्या ढिगात अंडी घालतो आणि मोठा झाला की माडाच्या शेंड्यात शिरून कोवळा कोंब कुरतडतो. पुढे ती झावळी उलगडते तेव्हा कात्रीने त्रिकोणी कापल्यासारखी दिसते. आपणच शेणाचा ढीग उघडा ठेवून आपल्या माडाचा शत्रू पोसत असतो, आणि मग झाडावर औषध घालायला माणूस शोधतो. याचं मला फार वाईट वाटतं, कारण उपाय ढिगातच आहे. क्रेटला जाळी लावा. मोठा ढीग असेल तर दर महिन्याला वरखाली करून अळ्या वेचा आणि कोंबड्यांना घाला. मेटारायझियम नावाची बुरशी मिळते, ती ढिगात मिसळली तर या अळ्यांना रोग होऊन त्या मरतात.

पण वेचण्याआधी एक परीक्षा करा. अळी सपाट लादीवर ठेवा. काही अळ्या पाठीवर उलट्या होऊन, पाय वर करून सरपटत जातात. त्या फुलभुंग्यांच्या. त्या कुजलेलंच खातात आणि खत बारीक करतात. त्यांना परत ढिगात सोडा. कुशीवर वाकडी पडून राहते तिला मात्र सोडू नका.

मासळीचं काय, हा प्रश्न राहतोच. खवले, डोकी, उरलेली आमटी, हे क्रेटमध्ये चालत नाही. त्यासाठी वेगळी झाकणाची बादली करा आणि ती ब्लॅक सोल्जर फ्लाय नावाच्या काळ्या माशीच्या अळ्यांना द्या. माशी दिसते गांधीलमाशीसारखी, पण तिला नांगी नसते, आणि मोठी झाल्यावर ती आपल्या अन्नावर येऊन बसत नाही. ती विकत आणावी लागत नाही, वासाने येते. बादलीच्या वरच्या भागात बोट जाईल एवढी भोकं पाडा. आत कडेला, कोरड्या जागी, खोक्याच्या पन्हाळीदार पुठ्ठ्याच्या पट्ट्या चिकटवा. ही माशी अन्नावर अंडी घालत नाही, अन्नाजवळच्या कोरड्या फटीत घालते. तळाला भोक आणि त्यावर काथ्या, म्हणजे पाणी निथळेल. अळ्या चपट्या, मातकट आणि भयंकर खादाड. जोर धरला की मूठभर मासळीचा कचरा बघता बघता जातो. वाढ पुरी झाली की त्या काळपट होतात आणि कोरडी, अंधारी जागा शोधत वर चढतात. त्यांना एक तिरकी फळी लावून द्या आणि फळीच्या टोकाशी भुसा भरलेला डबा. कोंबड्या असतील तर त्या डब्याची वाट बघतील, पण थोड्या अळ्या राखा, म्हणजे पुढच्या माशा तयार होतील. ह्याच अळ्या गांडुळांच्या क्रेटमध्ये शिरल्या तर त्याचा अर्थ, तुम्ही ओलं अन्न जास्त घालताय. त्या आत उष्णता वाढवतात, गांडुळं कोपऱ्यात जमतात. आठवडाभर काही घालू नका, पातेरा मिसळा.

दोन-अडीच महिन्यांनी खत काळं, मोकळं होतं, मातीचा वास येतो. पाणी शिंपडणं बंद करा, मग खत प्लास्टिकच्या कागदावर उजेडात ओतून शंकूसारखे ढीग करा. गांडुळं उजेड टाळून तळाला जातात. वरचं काढत जा, थोडं थांबा, पुन्हा काढा. नंतर चाळा. चाळणीवर राहतं ते फेकू नका: त्यात मोहरीपेक्षा थोडे मोठे, लिंबासारखे टोकाला निमुळते, पिवळसर कोष असतात आणि एकेकातून दोन-तीन पिल्लं निघतात. तो चाळ नव्या क्रेटमध्ये जातो. कुंडीला दोन मुठी खत पुरे, मातीत मिसळून.

शेजारणीला सुरुवात करून द्यायची असेल तर गांडुळं निवडून, धुऊन देऊ नका. आतल्या सगळ्या गोतावळ्यासकट चार ओंजळी अर्धवट खत द्या, त्यावरच तिचं क्रेट लवकर लागेल. कापडी पिशवीत ओलं शेण घालून न्यायला सांगा, प्लास्टिकची पिशवी बांधून नको, आणि त्याच संध्याकाळी आत सोडायला सांगा. देण्याआधी मात्र त्यात ती कुशीवर पडणारी जाड अळी नाही ना, हे हाताने चाचपून बघा, कारण तिच्याकडेही माड आहेत.