मांजराला चिप बसवताना

आमची मनी मंगळवार पेठेतल्या कौलांवरून दिवसभर फिरते, म्हणून हरवली तर ओळख पटावी यासाठी तिला कातडीखाली चिप बसवूनच घेतली. तुम्हीही घ्या, शक्यतो दिवाळीआधी. फटाक्यांच्या आवाजानं मांजरं बिथरून घराबाहेर पळतात.

चिप तांदळाच्या दाण्याएवढी, साधारण १२ मिलिमीटर. डॉक्टर दोन खांद्यांमधली कातडी चिमटीत धरून जाड सुईनं ती आत सोडतात. त्यासाठी सहसा भूल द्यावी लागत नाही. मांजर टॉवेलात गुंडाळून पोटाशी धरा. मनी एकदा गुरगुरली, बास. आधी जुनी चिप आहे का ते स्कॅन करायला सांगा. बसवल्यावर १५ अंकी नंबर तुमच्यासमोर वाचायला लावा आणि तो लसीच्या कार्डावर उतरवून घ्या.

खरं काम यापुढं. चिपमध्ये फक्त नंबर असतो, तुमचं नाव-पत्ता नाही. त्यामुळं तुमचा मोबाईल नंबर चिपच्या नोंदणीत, म्हणजे चिपच्या नंबरापुढं मालकाची माहिती ठेवणाऱ्या यादीत, चढलाय का, हे स्वतः तपासा. मोबाईल बदलला की तिथंही बदला. ही जीपीएस नव्हे. कुणी स्कॅनर फिरवला तरच मांजर कुणाचं ते कळणार. म्हणून गळ्यात फोन नंबरचा पट्टाही हवाच, आणि तो अडकला तर आपोआप सुटणारा घ्या. दरवर्षी लसीच्या वेळी चिप पुन्हा स्कॅन करून घ्या. कधी कधी ती जागेवरून सरकते.