साइट हलवा, पण मेल बंद पाडू नका

इतवारीतल्या ठोक व्यापाऱ्याची साइट असो की धंतोलीतल्या दवाखान्याची, स्वस्त होस्टिंगवर बहुतेकदा मेलही त्याच सर्व्हरवर असतो. म्हणून साइट नव्या सर्व्हरवर नेताना मेल जुन्यावरच राहू द्या. नेमसर्व्हरला, म्हणजे डोमेनच्या नोंदी ठेवणाऱ्या सर्व्हरला, हात लावू नका; फक्त ए रेकॉर्ड, म्हणजे साइटच्या सर्व्हरचा आयपी (आकडी पत्ता) सांगणारी नोंद, बदला.

आधी सगळ्या डीएनएस नोंदी (डोमेनचं नाव कोणत्या सर्व्हरकडे जातं ते सांगणाऱ्या) उतरवून घ्या. टीटीएल (नोंद किती सेकंद लक्षात ठेवायची तो आकडा) ८६४०० असेल तर किमान एक दिवस आधी ३०० करा, नाहीतर बदलानंतरही काहींना चोवीस तास जुनीच साइट दिसेल. खरी मेख एमएक्समध्ये, म्हणजे मेल कोणत्या सर्व्हरकडे जायचा ते सांगणाऱ्या नोंदीत, असते. तो मूळ डोमेनकडेच बोट दाखवत असेल, तर ए रेकॉर्डसोबत मेलही नव्या सर्व्हरकडे जातो आणि तिथं तो घ्यायला कोणीच नसतं. अशा वेळी जुन्या आयपीचा वेगळा 'मेल' सबडोमेन करून एमएक्स आधीच तिकडे वळवा. एसपीएफमध्ये (डोमेनच्या नावाने मेल पाठवायची परवानगी असलेल्या सर्व्हरांच्या नोंदीत) 'ए' लिहिलं असेल तर जुना आयपीही जोडा.

डेटाबेस यूटीएफ८एमबी४ मध्येच (देवनागरीही नीट साठवणाऱ्या अक्षरसंकेतात) जुन्यातून काढा आणि नव्यात भरा. नाहीतर मराठी मजकुराच्या जागी प्रश्नचिन्हं उमटतात. बदलाआधी आपल्या संगणकाच्या होस्ट्स फाइलमध्ये नवा आयपी टाका, म्हणजे फक्त तुम्हालाच नवी साइट दिसेल, आणि फॉर्म, पेमेंट तपासा. बदलाच्या वेळी जुन्या साइटवर ऑर्डर थांबवा. जुन्या सर्व्हरवरची साइट आठवडाभर राहू द्या; मेल तिथं आहे तोवर तो सर्व्हर बंद करू नका. आणि दिवाळीच्या तोंडावर हे काम घेऊच नका, क्लायंट कितीही मागे लागला तरी.