ठाणे-नवी मुंबईत मालवाहतुकीसाठी पिकअप घेताना : डिझेल की सीएनजी?

वाशीच्या बाजार समितीतून भाजी उचलणारा, वागळे इस्टेटमधून सुटे भाग पोहोचवणारा आणि कळंबोलीच्या लोखंड बाजारातून सळ्या नेणारा, या तिघांनाही विक्री दालनात एकच प्रश्न विचारला जातो आणि तिघांनाही पंपावरच्या दरातील फरक दाखवून एकच उत्तर दिले जाते. दर महत्त्वाचा आहेच. परंतु गाडीचा एक कामाचा दिवस नेमका कसा जातो, हे आधी कागदावर उतरवले, तर इंजिनाची निवड बरीचशी तिथेच होते. येथे पिकअप म्हणजे साधारण एक ते पावणेदोन टन पासिंगच्या (म्हणजे कायद्याने तेवढा माल नेता येणाऱ्या) गाड्या, अर्थात महिंद्रा बोलेरो पिकअप, टाटा इंट्रा, अशोक लेलँड दोस्त या वर्गातील वाहने, असे गृहीत धरले आहे. फोर्ड एफ-२५० किंवा रॅम २५०० यांसारख्या अमेरिकी गाड्यांच्या तुलना पाहून येथे निर्णय घेऊ नये, कारण तिकडे प्रश्न बहुधा मागे जोडलेला जड ट्रेलर ओढण्याचा असतो आणि आपल्याकडे सगळे वजन हौद्यात असते.

पंधरा दिवस एक वही ठेवावी. तिच्यात रोजचे किलोमीटर, त्यांपैकी भरलेल्या गाडीचे किती आणि रिकाम्या गाडीचे किती, एका दमात न थांबता झालेला सर्वांत लांबचा टप्पा, इंजिन चालू ठेवून उभे राहण्याचा वेळ आणि दिवस संपतो त्या ठिकाणापासून पंपाचे अंतर, एवढ्या गोष्टी लिहाव्यात. ज्यांच्याकडे आधीच छोटा हत्ती किंवा जुनी पिकअप आहे त्यांना हे सोपे आहे. नव्याने धंद्यात येणाऱ्याने त्याच मार्गावरच्या एखाद्या चालकाशेजारी चार दिवस बसून घ्यावे. मालवाहतुकीत किलोमीटर सगळेच सांगतात, पण कोणता टप्पा कोणत्या वेगाने पार पडला हे क्वचितच कोणी सांगतो, आणि डिझेल गाडीच्या बाबतीत तेच निर्णायक ठरते.

डिझेलची खरी परीक्षा

डिझेल इंजिनाचे बळ, ते सावकाश फिरत असतानाही मिळणाऱ्या टॉर्कमध्ये, म्हणजे चाके फिरवण्याच्या जोरात, आहे. टाटा इंट्राचीच दोन मॉडेल घेतली, तर डिझेलवरील व्ही-३० चा टॉर्क १४० न्यूटन-मीटर आहे आणि सीएनजी व पेट्रोल अशा दोन्ही इंधनांवर चालणाऱ्या व्ही-२० चा सीएनजीवर ९५. कागदावरचा हा फरक मुंब्रा बायपासच्या चढावर, भरलेली गाडी ट्रेलरमागे थांबून पुन्हा उचलावी लागते तेव्हा चालकाच्या क्लचवरच्या पायाला कळतो. व्ही-५० सारख्या दीड टनाच्या डिझेल गाडीत तो आणखी वाढतो. त्यामुळे रोजचे वजन पासिंगच्या मर्यादेला टेकत असेल आणि मार्गात चढ असतील, तर डिझेलकडे झुकणे रास्त आहे.

मात्र १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ हे धुराच्या प्रदूषणाचे कडक निकष आणि १ एप्रिल २०२३ पासून त्यांचा दुसरा टप्पा लागू झाल्यावर डिझेल गाडीचा स्वभाव बदलला आहे, आणि जुन्या गाडीच्या अनुभवावर नवी घेणारे अनेक मालक येथे फसतात. सायलेन्सरच्या मार्गात आता काजळी अडवणारा फिल्टर असतो, ज्याला सर्रास डीपीएफ म्हणतात. तो भरत आला की इंजिनाचा संगणक जास्तीचे इंधन वापरून त्याचे तापमान सुमारे ६०० अंश सेल्सियसपर्यंत नेतो आणि साठलेली काजळी जाळून टाकतो. या क्रियेसाठी गाडी पंधरा-वीस मिनिटे सलग, बऱ्यापैकी वेगात चालावी लागते. तळोजा ते भिवंडी किंवा नाशिक महामार्गावरील धावेत हे चालकाच्या नकळत होऊन जाते. परंतु वागळे इस्टेट, नौपाडा, कोपरी अशा दोन-तीन किलोमीटरच्या फेऱ्यांत, दर गाळ्यासमोर चावी फिरवून इंजिन बंद करण्याच्या सवयीत, ही सफाई सुरू होते आणि अर्धवट राहते. असे वारंवार झाले की न जळलेले डिझेल इंजिन ऑइलमध्ये उतरते, ऑइलची पातळी वाढलेली दिसते, डॅशबोर्डवर दिवा लागतो आणि त्याकडे दुर्लक्ष केल्यास गाडी ताकद कमी करून घेते. मग कार्यशाळेत सक्तीची सफाई किंवा, फारच उशीर झाला असेल तर, फिल्टरच बदलणे एवढेच मार्ग उरतात, आणि फिल्टर स्वस्त नाही.

म्हणून वहीतील ‘एका दमातला सर्वांत लांब टप्पा’ हा रकाना पाहावा. आठवड्यातून निदान दोन वेळा तरी अर्ध्या तासाची सलग धाव होत असेल, तर डिझेल निर्धास्त घ्यावे. संपूर्ण आठवडा ठाणे शहराच्या गल्ल्यांत जात असेल, तर डिझेल घेऊ नये, मग टॉर्क कितीही मोहात पाडो. काही डिझेल मॉडेलमध्ये धुरावर प्रक्रिया करण्यासाठी युरियाचे ३२.५ टक्के प्रमाण असलेले द्रावण, म्हणजे डीईएफ, स्वतंत्र टाकीत भरावे लागते. काहींत ती गरज नसते. आपण घेत असलेल्या मॉडेलमध्ये कोणती योजना आहे हे विचारून घ्यावे आणि डीईएफ लागत असेल तर त्याचा खर्च हिशेबात धरावा.

सीएनजीचा हिशेब रुपयांत आणि मिनिटांत

हिशेबापुरते डिझेल ९० रुपये लिटर आणि सीएनजी ८० रुपये किलो धरू. आपल्या दिवशीचा दर त्या जागी घालावा. भरलेल्या-रिकाम्या गाडीचे मिळून डिझेलला लिटरमागे १४ किलोमीटर आणि सीएनजीला किलोमागे १७ किलोमीटर मिळतात असे मानले, तर डिझेलचा खर्च किलोमीटरला सुमारे ६ रुपये ४३ पैसे आणि सीएनजीचा ४ रुपये ७१ पैसे येतो. दिवसाला १०० किलोमीटर आणि महिन्याला २६ दिवस या हिशेबाने सीएनजीची बचत महिन्याला साधारण साडेचार हजार रुपये होते. दिवसाला ४० किलोमीटरच असतील, तर ती अठराशेच्या आसपास उतरते. विक्रेता दाखवतो ती बचत बहुधा पहिल्या प्रकारची असते, आणि दिवसाला ४० किलोमीटर चालणाऱ्यालाही तीच ऐकवली जाते.

या बचतीतून रांगेचा वेळ वजा करावा लागतो. रिक्षांच्या पाळ्या बदलण्याच्या वेळी पंपावर गेल्यास खोळंबा ठरलेला, आणि तेवढ्यात महिन्याकाठी तीन-चार खेपा हुकल्या तर वरची बचत जवळपास संपते. दुसरी अडचण दाबाची. वाहनातील टाकीत गॅस २०० बार दाबापर्यंत भरला जातो. साठ लिटर क्षमतेच्या टाकीत त्या दाबाला अंदाजे दहा किलो गॅस मावतो, पण पंपावर ‘प्रेशर नाही’ असे ऐकू येते त्या दिवशी तेवढ्याच रांगेनंतर आठ किलोवर समाधान मानावे लागते. त्यामुळे घराच्या किंवा गोदामाच्या वाटेवर, उलट वळण न घेता गाठता येईल असा पंप आहे का आणि रात्री उशिरा किंवा पहाटे तिथे भरता येते का, हे गाडी ठरवण्यापूर्वी स्वतः जाऊन पाहावे. ज्याची गाडी पहाटे बाजार समितीत लागते, त्याला मध्यरात्री भरून ठेवणे जमू शकते; कारखान्याच्या वेळेत चालणाऱ्याला ते जमेलच असे नाही.

सीएनजी घ्यायचे ठरलेच, तर केवळ गॅसवर चालणारी गाडी आणि पेट्रोलची पुरेशी टाकी असलेली दोन इंधनांची गाडी यांत शक्यतो दुसरी निवडावी, असे माझे मत आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये मुख्य गॅसवाहिनीला हानी पोहोचून मुंबई, ठाणे व नवी मुंबईतील सीएनजी पुरवठा विस्कळीत झाला, तेव्हा पेट्रोलवर महाग का होईना पण ठरलेली खेप पूर्ण करता येणे किती मोलाचे आहे हे अनेकांच्या लक्षात आले. बाहेरून किट बसवून घेण्यापेक्षा कारखान्यातून आलेली गाडी बरी. किट बसवलेच तर त्याची नोंद आरसी बुकात आणि विम्यात झाली पाहिजे. टाकीची दर तीन वर्षांनी अधिकृत केंद्रात जलदाब चाचणी करावी लागते, आणि त्या दिवशी गाडी उभी राहते.

वजन, घाट आणि पुढची वर्षे

लोखंडी गॅस टाक्यांचे वजन गाडीच्या स्वतःच्या वजनात धरले जाते, त्यामुळे एकाच ढाच्यावरील डिझेल आणि सीएनजी गाड्यांचे पासिंग सारखे असेलच असे नाही. माहितीपत्रकावर विसंबून न राहता आरसीवरील एकूण वजनातून रिकाम्या गाडीचे वजन वजा करून पाहावे. कमानीचे पाटे वाढवून ही तूट भरून काढण्याचा सल्ला गॅरेजवर हमखास मिळतो. तो ऐकू नये. जादा मालासाठी मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ मध्ये २० हजार रुपये आणि त्यावर प्रत्येक जादा टनाला २ हजार रुपये दंड आहे, शिवाय माल उतरवण्याचा खर्च गाडीमालकाचाच.

घाटाच्या नावाने डिझेल घेणाऱ्यांनी एक गोष्ट तपासावी. नारायणगाव-ओतूरकडून माळशेजमार्गे वाशीला येणारा भाजीपाला घाट उतरून येतो आणि परत जाताना गाडीत बहुतेक वेळा रिकामे क्रेटच असतात. अशा कामात चढाच्या ताकदीपेक्षा उतारावर खालच्या गिअरमध्ये राहण्याची शिस्त आणि ब्रेक यांचे महत्त्व अधिक आहे, आणि सीएनजी गाडी ते काम करू शकते. फक्त घाटमाथ्यावर परतीचा गॅस कुठे मिळेल ते आधी ठरवून ठेवावे. याउलट वाशीहून धान्य, मसाले किंवा कळंबोलीहून लोखंड भरून बोर घाट अथवा कसारा घाट नियमित चढायचा असेल, तर मी डिझेलशिवाय दुसऱ्या इंजिनाचा विचारही करणार नाही.

नियमांकडेही पाहायला हवे, कारण गाडीचा हप्ता चार-पाच वर्षे चालतो. हवेच्या प्रदूषणाबाबत मुंबई उच्च न्यायालयाने व्यक्त केलेल्या मतानंतर जानेवारी २०२५ मध्ये राज्य सरकारने मुंबई महानगर प्रदेशात केवळ सीएनजी आणि विजेवरील वाहनांनाच परवानगी देता येईल का, हे अभ्यासण्यासाठी समिती नेमली. ठाणे आणि नवी मुंबई याच प्रदेशात येतात. दिल्ली परिसरात दहा वर्षांवरील डिझेल गाड्यांवर बंदीची वेळ आली ते पाहता, डिझेल घेणाऱ्याने कर्जाची मुदत कमी ठेवावी.

निर्णय जवळपास झाल्यावर गाडी रिकामी चालवून पाहण्यात अर्थ नाही. नेहमीच्या वजनाइतकी पोती हौद्यात टाकून, दुपारच्या उन्हात आणि केबिनमध्ये दोन माणसे बसवून मुंब्रा बायपासवर न्यावी, चढावर थांबवून पुन्हा उचलावी, आणि किती वेळा पहिल्या गिअरवर यावे लागले ते मोजावे. चाचणीसाठी भरलेली गाडी द्यायला विक्रेता तयार नसेल, तर तेच मॉडेल चालवणाऱ्या ओळखीच्या मालकाला त्या दिवसाचे इंधन भरून देऊन त्याच्या गाडीतून आपलीच एक खेप करून घ्यावी.