युरोला शंभरने गुणण्याआधी

2024 च्या फेब्रुवारीत महाराष्ट्र सरकार आणि जर्मनीचं बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्य यांच्यात कुशल मनुष्यबळाचा करार झाला, आणि मला येणाऱ्या फोनचा सूर बदलला. आधी पोरं थंडीबद्दल विचारायची. आता थेट आकडा येतो: "दादा, 4,000 युरो म्हणतायत. म्हणजे महिन्याला चार लाख ना?"

नाही. आणि इकडे पुण्यात जो 12 लाखांचा सीटीसी (कंपनी तुमच्यावर वर्षाला करते तो एकूण खर्च) आहे तोही 12 लाख नाही. मी आधी चाकणला मेन्टेनन्समध्ये होतो, आता स्टुटगार्टशेजारी एस्लिंगेनच्या बाजूला तेच काम करतो. दोन्हीकडच्या स्लिपा हाताळल्यात. परवा मावसभावाला फोनवर जो हिशेब करायला लावला, तोच इथे मांडतो. आकडे त्याचेच आहेत, थोडे गोल केलेत. वही घ्या, मोबाइलचं कॅल्क्युलेटर चालेल.

सुरुवात हातात येणाऱ्या पैशांपासून. जर्मन ऑफरमधला आकडा ब्रुटो, म्हणजे कपातीआधीचा असतो. त्यातून पेन्शन 9.3 टक्के, बेरोजगारी विमा 1.3 टक्के, आरोग्य विमा साडेआठच्या आसपास, वृद्धसेवा विमा (मूल नसेल तर थोडा जास्त) आणि वर आयकर जातो. कर किती, हे तुमच्या करवर्गावर, म्हणजे श्टॉयरक्लासेवर ठरतं. एकटा माणूस पहिल्या वर्गात. 4,000 ब्रुटोचे त्याच्या खात्यात सुमारे 2,600 पडतात. नेटवर 'ब्रुटो नेटो रेश्नर' शोधलं की फुकट कॅल्क्युलेटर मिळतो. त्यात वर्ष, राज्य आणि करवर्ग नीट भरा. चर्च टॅक्सच्या रकान्यात 'नाही'. पुढे गावात पत्ता नोंदवताना धर्माचा रकाना येईल, तिथेही नीट बघून सही करा. आपली काही मंडळी तिथे काहीतरी भरून बसतात आणि महिनोन्महिने पैसे कापले जातात.

आता सीटीसी सोला. भावाच्या 12 लाखांत 1,20,000 व्हेरिएबल (कामगिरी बघून मिळणारा, नक्की नसलेला भाग), कंपनीच्या वाट्याचा पीएफ 60,000, ग्रॅच्युइटी 24,000 आणि ग्रुप मेडिक्लेमचे 16,000 घुसवलेले. ग्रॅच्युइटी तर पाच वर्षं टिकलात तरच, पण आकडा फुगवायला आजच धरलेली. उरले 9,80,000. त्यातून त्याच्या वाट्याचा पीएफ 60,000 आणि व्यवसाय कर 2,500 वजा. आयकराच्या नव्या पद्धतीत पगारदाराला पावणेतेरा लाखांपर्यंत आयकर नाही, म्हणून तिथे शून्य. महिन्याला हातात 76,400. व्हेरिएबल मी धरतच नाही. मिळालं तर दिवाळी.

पीएफचं काय? तो तुमचाच पैसा आहे, पण आज हातात नाही. जर्मन पेन्शनचंही तेच. दोन्ही एका वेगळ्या पानावर लिहा. जर्मन पेन्शनला किमान पाच वर्षांची वर्गणी लागते. भारत आणि जर्मनीत सामाजिक सुरक्षेचा करार 2017 च्या मे महिन्यापासून लागू आहे, त्यामुळे भारतातली पीएफची वर्षं ही अट पुरी करायला धरली जातात. भारतातल्याच कंपनीने तुम्हाला तात्पुरतं तिकडे पाठवलं असेल तर ईपीएफओकडून, म्हणजे पीएफच्या सरकारी कार्यालयाकडून, कव्हरेज सर्टिफिकेट घेऊन जा. मग चार वर्षांपर्यंत तिकडची पेन्शन कपात टळते.

पुढचा भाग लोक गाळतात, आणि खरी गंमत तिथेच आहे: तास. करारात लिहिलेले तास नकोत. घराचं दार ओढून घेतल्यापासून परत कुलूप उघडेपर्यंतचे तास हवेत.

भाऊ निगडीला राहतो. कंपनीची बस पावणेसातला. शिफ्ट साडेआठ तासांची, जेवणासकट. वर 'जरा थांब, लाइन चालू होऊ दे' म्हणून रोजचा एक तास, ज्याचा स्टाफ ग्रेडला छदाम मिळत नाही. येण्याजाण्यात अडीच तास, कारण तळवडे चौकातून चाकणकडे जाणाऱ्या रस्त्याला कोणाचीच घाई कळत नाही. झाले बारा तास. आठवड्याचे सहा दिवस म्हणजे वर्षाचे 312, त्यातून 21 रजा आणि 10 सुट्ट्या वजा केल्या तर 281 दिवस. एकूण 3,372 तास.

तिकडचं काम 40 तासांच्या आठवड्याचं. 260 दिवसांतून 30 रजा आणि कामाच्या दिवशी येणाऱ्या साधारण 10 सुट्ट्या (बाडेन-व्युर्टेम्बर्गात एकूण 12 आहेत, काही शनिवार-रविवारी वाया जातात) वजा, राहिले 220. आठ तास काम, अर्धा तास सक्तीची बिनपगारी विश्रांती, एक तास लोकल ट्रेनचा. 2,090 तास.

म्हणजे दारापासून दारापर्यंतच्या एका तासाला भावाला पुण्यात 272 रुपये पडतात, तिकडे जवळजवळ 15 युरो. पण थांबा, अजून गुणाकार नको.

तासांबाबत दोन सूचना. पेपरात येणारी सरासरी घेऊ नका. ओईसीडी या मुख्यतः श्रीमंत देशांच्या संघटनेच्या यादीत जर्मनीत माणशी वर्षाला साधारण 1,340 तास दिसतात, सगळ्यांत कमी. लोक लगेच म्हणतात, मजा आहे बुवा. त्या सरासरीत अर्धवेळ काम करणारे ढिगाने आहेत, पूर्णवेळ माणसाला ती लागू नाही. दुसरी सूचना जास्त कामाची: कंपनीला टारिफफरट्राग, म्हणजे युनियनचा वेतनकरार लागू आहे का, ते आधी विचारा. पश्चिम जर्मनीच्या धातू उद्योगात आयजी मेटाल युनियनच्या कराराने 1995 पासून आठवडा 35 तासांचा आहे. तेच 4,000 युरो 35 तासांना मिळत असतील तर वर्षाचे 220 तास तुमचे. शिवाय सुट्टीचा आणि ख्रिसमसचा जादा पगार असतो. एजंट हे कधीच सांगत नाही, कारण त्यालाही माहीत नसतं.

आजारपणाचंही याच पानावर लिहा. तिकडे आजारी पडलात तर सहा आठवड्यांपर्यंत पूर्ण पगार मिळतो, तो रजेतून कापत नाहीत. रजेवर असताना ताप आला आणि डॉक्टरचा दाखला दिला, तर ते दिवस परत रजेत जमा होतात. आमच्या साहेबांना चाकणला हे सांगितलं असतं तर ते खुर्चीवरून पडले असते.

आता खर्च. गुणाकाराचा नियम एकच: जो युरो तिकडेच खर्च होणार, त्याला शंभरने गुणायचं नाही. स्टुटगार्टात केस कापायला 25 युरो लागतात, निगडीत 120 रुपये. तो युरो शंभर रुपयांचं काम करतच नाही. उलट दूध लिटरला एक युरोच्या आसपास, म्हणजे तिथे फरक तसा बेताचा. म्हणून आधी युरोतून युरोच वजा करा.

एकट्या माणसाचं: भाडं 1,000 (वार्म, म्हणजे हीटिंगसकट, जाहिरातीतलं काल्ट भाडं बघून हुरळू नका), खाणं 350, डॉइचलांड-टिकेट (लोकल ट्रेन-बसचा महिन्याचा पास) 63, रेडिओ-टीव्हीची सक्तीची वर्गणी 18.36, फोन-इंटरनेट 50, बाकी कपडे, विमे, अडीअडचण 260. शिल्लक 860 युरोच्या आसपास. हिशेबाला सोपं म्हणून शंभरने गुणलं तर 86,000 रुपये. गुणाकार फक्त याचा. वर्षाचा आकडा 2,090 ने भागा: तासाला 490 रुपये शिल्लक.

भावाचं पुण्यात: भाडं 22,000, घरखर्च 18,000, बाकी 12,000, शिल्लक 24,400. तासाला 87 रुपये. पीएफचे दोन्ही वाटे धरले तरी 122. स्वतःचं घर असतं तर हे चित्र बरंच सुधारलं असतं, म्हणून तुमचे आकडे तुम्हीच घाला.

इथवर भावाने मनात विमानाचं तिकीट काढलं होतं. मग मी विचारलं, "आणि वहिनी?"

वहिनी हिंजवडीला नोकरी करतात, हातात 55,000. दोघांचा पुण्यातला घरखर्च थोडा वाढवून धरला तरी महिन्याला 66,000 च्या पुढे उरतात. त्या तिकडे गेल्या तर जर्मन भाषेच्या बी1-बी2 या मधल्या पातळ्या होईपर्यंत नोकरी धरू नका. मोठं घर, दुसरं तिकीट, खाणं मिळून 550 युरो जादा. बिनकमाईची बायको असल्याने त्याला तिसरा करवर्ग मिळतो, त्यात साधारण 320 परत येतात, आणि तिचा आरोग्य विमा त्याच्याच हप्त्यात भागतो. शिल्लक 630 युरो, म्हणजे 63,000 रुपये. पुण्याइतकीच! फरक इतकाच की पुण्यात त्यासाठी दोघं झिजतात, तिकडे एकटा, तोही पाच दिवस. मूल असेल तर तिकडचं किंडरगेल्ड, म्हणजे मुलासाठीचा सरकारी भत्ता, जमेत धरा, आणि पुण्यात आजी फुकट सांभाळते ते वजा करा. तो रकाना रुपयात कसा भरायचा ते तुमचं तुम्ही बघा.

सही करण्याआधी कंपनीला ईमेलवर विचारायच्या गोष्टी: आठवड्याचे तास किती, रजा किती, जादा तासांचे पैसे मिळतात की सुट्टी, की ते पगारातच धरलेत, आणि प्रोबेशन किती महिने. सहा महिने असतं बहुधा, त्या काळात दोन आठवड्यांच्या नोटिसीवर घरी बसवू शकतात. इकडे तीन महिन्यांची नोटीस देऊन निघताना हे लक्षात ठेवा, आणि त्या सहा महिन्यांत वहिनींना राजीनामा द्यायला लावू नका.