गाळाच्या तलावासाठी कोणती फिन? स्कूबाच्या फिन्स निवडायची आणि पारखायची रीत

विदर्भातला माणूस पोहायला शिकतो विहिरीत नाहीतर मामा (माजी मालगुजारी) तलावात, आणि स्कूबाची, म्हणजे पाठीवर हवेचं सिलिंडर लावून मारायची, पहिली बुडी बहुधा तारकर्ली-मालवणला मारतो. तिथे भाड्याच्या फिन्स, म्हणजे पावलात घालायची रुंद पात्यांची वल्ही, पायात सरकवल्या की काम भागतं. स्वतःची जोडी लागते ती पुढे, प्रमाणपत्राचा कोर्स झाल्यावर किंवा शोध-बचाव पथकात उतरायचं ठरल्यावर. दुकानात गेलं की आधी पातं दाखवतात: लांबी, रंग, खाचा, फटी. पण पाहायला सुरुवात पायापासून करावी. डोंगा हाकणाऱ्या ढिवराला हे सांगावं लागत नाही. वल्ह्याचं पातं कितीही रुंद असो, दांडा मुठीत फिरत असेल तर जोर पाण्यापर्यंत पोचत नाही. फिनचा दांडा म्हणजे तुमचं पाऊल आणि घोटा.

सिलिंडर लावून उतरायचं ते प्रशिक्षण घेऊन आणि जोडीदार बरोबर असतानाच. फिन्सची पारख मात्र मास्क आणि स्नॉर्केलवरही (श्वासाची वाकडी नळी) होते.

१. पाय मोजा

संध्याकाळी मोजा, दिवसभराच्या कामाने पाय थोडा सुजलेला असतो आणि तेच माप खरं. टाच भिंतीला टेकवून कागदावर उभे राहा, सर्वांत लांब बोटापर्यंतची लांबी आणि पंजाची रुंदी सेंटिमीटरमध्ये लिहा. दोन्ही पाय मोजा, मोठा असेल तो धरा. आपल्याकडचा चपलेचा नंबर ब्रिटिश मापाचा असतो, फिन्सवर बहुतेक वेळा युरोपीय नंबर असतो. आपला ८ म्हणजे साधारण ४२. पण एका कंपनीचा ४२ दुसरीला जुळेलच असं नाही, म्हणून सेंटिमीटरचा तक्ता मागा. धानाच्या बांधीत अनवाणी वावरलेला पंजा पुढे पसरट असतो. अशा पायाला अरुंद फिन लांबीत बरोबर वाटते आणि पाण्यात वीसेक मिनिटांत करंगळी बधिर होते.

२. बंद टाच की उघडी?

बंद टाचेची फिन बुटासारखी असते. अनवाणी किंवा पातळ मोज्यावर घालतात. हलकी, प्रवासाला सोपी, कोमट समुद्रात बोटीवरून उतरायला उत्तम. तलावाच्या काठी मात्र दगड, शिंपले, बाभळीचे काटे आणि फुटक्या बाटल्या असतात. तिथे उघड्या टाचेची फिन, मागे पट्टा आणि आत जाड तळव्याचा निओप्रीन (फेसाळ रबर) बूट हीच जोडी घ्या. ३ ते ५ मिलिमीटर जाडीचा बूट पुरतो. क्रम चुकवू नका: आधी बूट, मग तो घालूनच फिन. अनवाणी पायाने पारखलेली उघड्या टाचेची फिन घरी आल्यावर हमखास लहान निघते.

बूट ओला करून पाऊल आत ढकला. फिनचा रबरी कप्पा पावलाच्या कमानीपर्यंत यायला हवा आणि बोटं आत सरळ राहायला हवीत. पट्टा आवळून पाय हवेत उचला, वर-खाली आणि डावी-उजवीकडे झटका द्या. टाचेकडून पाऊल उचललं जात असेल किंवा पातं बाजूला डुलत असेल तर ती फिन सैल आहे. सैल फिन नुसती निसटते असं नाही. ती धरून ठेवायला आपण नकळत बोटं आत वळवतो, तळव्याचा स्नायू आखडतो आणि मग पोटरीत गोळा येतो. लोक दोष थंड पाण्याला देतात. फार घट्ट फिनही गोळा आणते, कारण तिच्यात रक्त नीट फिरत नाही.

पट्टा रबरी असो की स्टीलच्या स्प्रिंगचा, आमचं मत स्प्रिंगच्या बाजूने. रबरी पट्ट्याची टोकं बाहेर लोंबतात, आणि शिंगाड्याच्या वेली किंवा जुनं जाळं असलेल्या तलावात लोंबणारं प्रत्येक टोक म्हणजे गळ. रबरीच असेल तर टोकं आतल्या बाजूला वळवून टेपने चिकटवा आणि एक जादा पट्टा पिशवीत ठेवा. स्प्रिंगला बूट ठरलेला लागतो. जाड बूट घेतलात तर स्प्रिंगचं मापही बदलेल.

३. पातं पायाच्या ताकदीचं घ्या

कडक पातं एका लाथेत जास्त पाणी ढकलतं, पण तेवढाच भार पोटरीवर आणि घोट्यावर देतं. फार मऊ पातं दुमडतं. लाथा भराभर माराव्या लागतात आणि उलट्या प्रवाहात पुढे सरकता येत नाही. टोक हातात धरून वाकवा: टोकाकडे सहज, मुळाकडे हळूहळू कमी वाकणारं पातं चांगलं. मधेच एका रेषेत मोडल्यासारखं वाकत असेल तर सोडून द्या.

दोन्ही कडांच्या उभ्या पट्ट्या पाणी बाजूने निसटू देत नाहीत आणि फिन सरळ ठेवतात. मधल्या रबरी पट्ट्यांमुळे लाथ मारताना पातं पळीसारखं खोलगट होतं. पावलाजवळच्या खाचांमधून पाणी आरपार जातं, त्यामुळे पाय परत आणताना ओढ कमी लागते.

मधून चिरलेलं पातं हलक्या, भरभर लाथांना छान. गुडघा दुखणाऱ्यांना बरंच सोयीचं. पण बेडकासारखी लाथ मारताना, जागीच वळताना किंवा मागे सरकताना त्याच्या दोन्ही जिभा पाणी सोडून देतात. गाळाच्या तलावात नेमक्या याच हालचाली लागतात. तिथे आखूड, रुंद, सलग पातं घ्या. श्वास रोखून खोल जाणाऱ्यांची लांबलचक फायबरची पाती तर इथे पूर्ण गैरसोयीची.

हवेचा हिशेबही इथेच करून पाहा. १२ लिटरचं सिलिंडर २०० बारपर्यंत (बार हे हवेच्या दाबाचं माप) भरलं आणि ५० बार राखून ठेवले तर १८०० लिटर हवा हाताशी राहते. १० मीटर खोलीवर दाब २ बार, म्हणजे पाण्याच्या पृष्ठभागावर मिनिटाला १५ लिटर लागणाऱ्याला तिथे ३० लागतात. ही हवा ६० मिनिटं पुरते. चुकीच्या पात्याने धाप लागून वरचा खर्च २५ लिटर झाला, तर खाली ५० आणि वेळ ३६ मिनिटं.

४. वजन आणि शरीराचा कल

रबरी फिन्स जड, पाण्यात बुडणाऱ्या. प्लॅस्टिकच्या हलक्या, काही तर तरंगतात. पाण्यात आडवे होऊन हालचाल थांबवा आणि पाय कुठे जातात ते पाहा. आपल्याकडचं पाणी बरेच महिने कोमट असतं, सूट पातळ असतो, त्यामुळे पाय बहुधा खालीच जातात. अशाने जड रबरी फिन घेतली तर पाय आणखी ओढले जातात, शरीर तिरकं होतं आणि टोकं गाळात घासतात. पाय वर उचलले जाणाऱ्याला मात्र हीच फिन औषध. समुद्राचं पाणी गोड्या पाण्यापेक्षा सुमारे अडीच टक्के जड असतं. सामानासकट १०० किलोच्या माणसाला तिथे बुडी मारायला साधारण अडीच किलो शिसं जादा लागतं. ते कमरेला लावलंत की छातीजवळ, यावरही पायांचा कल बदलतो. म्हणून समुद्रात पुन्हा तपासा.

५. मोजून पारखा

दोन जोड्यांत मन अडकलं असेल तर २५ मीटरच्या तरणतलावात दोन फेऱ्या मारा. हात अंगाला चिकटवून, रोजच्या सावकाश गतीने. लाथा मोजा, वेळ लिहा, पाच मिनिटं थांबा आणि असं तीनदा करा. सगळ्यांत जलद ठरली तीच चांगली, असं नाही. धाप न लागता, पोटरी न भरून येता कमी लाथांत अंतर कापते ती तुमची.

६. लाथ बदला

विहिरीत शिकलेले बरेच जण गुडघ्यातून सायकल मारतात. फिन्समध्ये लाथ कमरेतून सुटते, गुडघा थोडासाच वाकतो. ही वर-खाली लाथ समुद्रात चालेल. तलावाच्या तळाजवळ ती पाणी खाली फेकते आणि बारीक गाळ उठून स्वतःचा हात दिसेनासा होतो. असा गाळ खाली बसायला तास लागतात. तिथे बेडूकलाथ वापरा: गुडघे काटकोनात, पोटऱ्या वर, पाती शरीरापेक्षा उंच. पावलं बाहेर वळवून पाणी मागे ढकला, तळवे जवळ आणा आणि घसरत जाऊ द्या. घसरण संपल्यावरच पुढची लाथ.

पोटरीत गोळा आला तर थांबा, जोडीदाराला खूण करा, गुडघा सरळ करून फिनचं टोक हाताने स्वतःकडे ओढा. दरवेळी त्याच पायात येत असेल तर त्या पायाची फिन पुन्हा मापून पाहा.

७. चढ-उतार आणि राखण

फिन्स पाण्याच्या काठावरच घाला, जोडीदाराच्या खांद्याचा आधार घेऊन. चालायचंच असेल तर मागे किंवा आडवं, पाय न उचलता. शेवाळलेल्या पायऱ्यांवर तेही नको, बसून सरका.

वापरल्यावर गोड्या पाण्याने धुवा, बकलमधला गाळ ब्रशने काढा, सावलीत वाळवा. मे महिन्यात टिनाच्या छपराखाली किंवा बंद गाडीत ठेवलेली पाती वाकडी होतात. टोकावर उभी करून ठेवू नका, कप्प्यात कागदाचे बोळे भरून आडवी ठेवा. डिझेल, रॉकेल आणि रबर एका कोपऱ्यात नको. धान्याच्या कोठीशेजारी ठेवणार असाल तर झाकणाच्या पेटीत ठेवा, उंदीर रबरी पट्टे कुरतडतात.