ब्रेक धरून राहतोय? पॅड बदलण्याआधी या चुका टाळा

आंबा घाट उतरून साखरप्याला चहासाठी थांबलो, तेव्हा जळका वास आला. घाट उतरल्यावर ब्रेकचा वास कुणाच्या गाडीला येत नाही? म्हणून मी दुर्लक्ष केलं. टपरीवाल्याने मात्र पुढच्या डाव्या चाकाकडे बोट दाखवलं. पाऊस भुरभुरत होता. त्या रिमवर पडलेला थेंब चर्र करून उडून जात होता, आणि उजव्या रिमवरचे थेंब निवांत ओघळत होते.

पुढचे दोन महिने मी जे केलं ते सगळं उलट्या क्रमाने केलं. गाडी वीस वर्षांची, पुढे डिस्क, मागे ड्रम. आधी पॅड बदलले (चाकाबरोबर फिरणाऱ्या डिस्कला दोन्ही बाजूंनी धरणाऱ्या पट्ट्या), मग डिस्क, मग कॅलिपरचं, म्हणजे ते पॅड दाबणाऱ्या चिमट्याचं, रबर किट. चाक तापायचं ते तापतच राहिलं. दोष शेवटी निघाला कॅलिपरपर्यंत ब्रेकचं तेल नेणाऱ्या, बोटाएवढ्या जाडीच्या रबरी होज पाइपमध्ये, आणि तो बहुधा मीच करून ठेवला होता. म्हणून या चुका लिहून ठेवतोय.

घाट उतरल्या उतरल्या निदान करू नका

घाटात चारही ब्रेक तापणारच. गाडीचा वेग ब्रेकमध्ये उष्णता होऊन जिरतो, तेच ब्रेकचं काम आहे. त्यामुळे कशेडी किंवा फोंडा उतरून लगेच चाकांना हात लावून काहीच कळत नाही. सपाट रस्त्यावर चार-पाच किलोमीटर जा, ब्रेक शक्य तितका कमी वापरा, शेवटी गिअर कमी करत गाडी आपोआप थांबू द्या. (सपाट रस्ता रत्नागिरी जिल्ह्यात शोधावा लागतो, हे मान्य.) मग डाव्या-उजव्या चाकांची तुलना करा. पुढच्याची पुढच्याशी, मागच्याची मागच्याशी. पुढची चाकं मागच्यांपेक्षा गरम असणं नेहमीचंच आहे, पण डावं आणि उजवं यांत मोठा फरक असेल तर गडबड आहे.

डिस्कला थेट हात लावू नका, कातडी सोलून निघते. रिमजवळ तळहात नेला तरी धग कळते. नाहीतर बोटाने पाण्याचे दोन-तीन थेंब उडवा. पण दोनच थेंब! घाटात धूर दिसला की बाटलीभर पाणी ओतणारे लोक दर पावसाळ्यात दिसतात. लाल होईस्तोवर तापलेल्या बिडावर गार पाणी पडलं की डिस्क वाकडी होते, कधी तडकतेही. मग ब्रेक दाबताना स्टिअरिंग थरथरतं आणि एका दुखण्याची दोन होतात. गाडी बाजूला घ्या, वाळक्या गवतावर नको, चाकाला दगड लावा आणि ब्रेक आपला आपण निवू द्या.

चाक तापलं म्हणजे ब्रेकच असं नाही. बेअरिंग गेलं तरी चाकाचा मधला भाग तापतो, पण बहुधा घरघर येते आणि ती वेगाबरोबर वाढते. चाक उचलून वरून-खालून धरून हलवा. खडखडलं तर बेअरिंगचा संशय धरायला जागा आहे.

थंड गाडी गॅरेजला नेऊ नका

माझे दोन महिने याच चुकीत गेले. देवरुखहून निघताना चाक अगदी मोकळं. वाटेत धरायचं. गॅरेजला पोचून नंबर येईस्तोवर तासभर जायचा, तेवढ्यात चाक निवून पुन्हा मोकळं. मेकॅनिक जॅक लावून हाताने फिरवायचा आणि म्हणायचा, "कुठे धरतंय? सुटतंय की व्यवस्थित." त्याचं चुकत नव्हतं, मी त्याला दोष दाखवतच नव्हतो.

शेवटी एका जुन्या मिस्त्रींकडे गेलो. पॅड दोनदा बदलल्याचं सांगितल्यावर त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू ताप आला म्हणून मी थर्मामीटर बदलून आलोय. "पॅड कशाला बदललेस? आधी बघ, प्रेशर अडकलंय की लोखंड अडकलंय."

डिस्क ब्रेकचं चाक धरून राहतं ते बहुधा या दोनच कारणांनी. एक तर तेलाचा दाब पाइपात कोंडून राहिलाय, नाहीतर कॅलिपरमधलंच काही गंजून अडकलंय. हे ठरवल्याशिवाय एकही पार्ट विकत घेऊ नये. ठरवायला एक पाना आणि पेडलवर बसायला एक माणूस पुरतो.

त्यांनी केलं ते असं. मागच्या चाकांना जांभ्याचे चिरे लावले, पुढचा भाग उचलून खाली लाकडी ठोकळे सरकवले. नुसत्या जॅकच्या भरवशावर ते गाडीखाली हात घालत नाहीत. मला आत बसवलं. "सात-आठ वेळा दाबून ठेव, मग सोड." सोडल्यावर उजवं चाक बोटाने फिरलं, डावं दोन्ही हातांनी फिरेना. कॅलिपरच्या निपलला, म्हणजे आतलं तेल बाहेर सोडायच्या छोट्या तोटीला, त्यांनी आदल्या संध्याकाळीच गंज सोडवणारा स्प्रे मारून ठेवला होता. (खाऱ्या हवेत निपल मोडला, की अर्ध्या तासाचं काम दोन दिवसांवर जातं. उघड्या तोंडाचा पानाही त्याला लावू नका, कडा झिजतात. रिंग पानाच हवा.) निपलवर पारदर्शक नळी बसवली, दुसरं टोक बाटलीत सोडलं आणि पाना पाव फेरा फिरवला. चिर्र करून तेलाची चिळकांडी बाटलीत आली आणि डावं चाक त्यांच्या हातात गर्रकन फिरलं.

निपल सोडल्यावर चाक सुटलं, म्हणजे दाब अडकलेला होता. सुटलं नसतं तर पिस्टन (कॅलिपरमधला, पॅड पुढे ढकलणारा दट्ट्या) किंवा कॅलिपरच्या पिना गंजल्या असत्या.

दाब कुठे अडकतोय हेही लगेच कळतं. चाक पुन्हा जाम करायचं आणि या वेळी निपलऐवजी होज जिथे लोखंडी पाइपला जोडलाय तिथला नट सैल करायचा. चाक सुटलं तर दोष वर, मास्टर सिलिंडरच्या (पेडल दाबलं की तेलाला दाब देणाऱ्या पंपाच्या) बाजूला. नाही सुटलं तर होज. माझं सुटलं नाही.

कॅलिपर होजवर लोंबकळत ठेवू नका

होज आतून कसा बिघडतो? बाहेरून तो धडधाकट दिसतो. आतलं रबर मात्र फुगतं किंवा त्याचा पापुद्रा सुटतो. पाय दाबला की आपला जोर मोठा, तेल पुढे जातं. पाय उचलला की परत यायला फक्त पिस्टनच्या सीलचा ताण असतो. ते चौकोनी कडेचं सील दाबताना किंचित पिळलं जातं आणि सोडलं की सरळ होता होता पिस्टनला मागे ओढतं. हे ओढणं अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही कमी. एवढ्याशा जोराला पापुद्र्याचा अडथळा पुरतो. पुढे पॅड घासतात, चाक तापतं, तापलेलं तेल फुगतं आणि पॅड आणखी घट्ट धरले जातात.

पहिल्यांदा, आंबा घाटाच्या त्या फेरीआधी, पॅड मी घरीच बदलले होते, अंगणात, मोठ्या उत्साहात. कॅलिपर काढून सोडून दिला, तो होजवर लोंबकळत राहिला, आणि मी मध्येच जेवायला गेलो. वीस वर्षांच्या रबरावर तासभर ते वजन. कॅलिपर तारेने स्प्रिंगला बांधायला अर्धा मिनिट लागला असता. होज बदलताना दोन्ही बाजूंचे बदला. एक गेला असेल तर त्याच वयाचा दुसरा फार मागे नसतो.

रबर पेट्रोलमध्ये धुऊ नका

लोखंड अडकलेलं निघालं तर कॅलिपर उघडायचा. कॅलिपर ज्यांवर सरकतो त्या दोन पिना हाताने सरकल्या पाहिजेत. आतला आणि बाहेरचा पॅड कमी-जास्त झिजला असेल तर पिना अडकल्याची खूण समजा. पिस्टनवर गंजाचे खड्डे पडले असतील तर काचपेपरने घासून परत बसवू नका. वरचा मुलामा गेला की पुढच्या पावसात तो दुप्पट गंजतो. पिस्टनच नवीन टाका.

आणि सुटे भाग पेट्रोलच्या डब्यात बुडवायची आपल्याकडची सवय सोडा. ब्रेकमधलं रबर पेट्रोल, डिझेल, रॉकेल आणि साध्या ग्रीसने फुगतं. फुगलेलं सील पिस्टनला सोडत नाही, म्हणजे दुरुस्तीतूनच तोच आजार परत येतो. धुवायला ताजं ब्रेक फ्लुइड वापरा, पिनांना ब्रेकसाठीचं सिलिकॉन ग्रीस.

या घोटाळ्याला आपली भाषाही थोडी जबाबदार आहे. सगळे 'ब्रेक ऑइल' म्हणतात, पण ते तेल नव्हे. त्या नावामुळे कुणी पातळी कमी दिसली म्हणून इंजिन ऑइल किंवा स्टिअरिंगचं तेल ओततो आणि आठवड्याभरात चारही चाकं धरू लागतात. ओळखायला टाकीचं झाकण उघडा. खालचं रबर फुगून वेडंवाकडं झालं असेल, परत बसत नसेल, तर हेच झालंय. मग नुसतं फ्लुइड बदलून भागत नाही, त्याने भिजलेलं सगळं रबर बदलावं लागतं.

फ्लुइड हवेतलं पाणीही ओढून घेतं, आणि आपल्या किनाऱ्यावर पाण्याला तोटा नाही. डॉट ३ फ्लुइड कोरडं असताना किमान २०५ अंशांवर उकळतं, ओलावा शिरलेलं १४० च्या आसपासही उकळू शकतं. डॉट ४ साठी हेच आकडे २३० आणि १५५. धरलेल्या चाकाच्या कॅलिपरमध्ये उकळून वाफ झाली, तर वाफ दाबली जाते, दाब पुढे जात नाही आणि पेडल सरळ खाली बसतं. तेही घाटात. म्हणून दर दोन वर्षांनी फ्लुइड बदला, आणि कपाटातली गेल्या गणपतीत फोडलेली अर्धी बाटली वापरू नका.

पावसाळ्यात हँडब्रेक ओढून गाडी ठेवू नका

मुंबईकर गणपतीला येतात, माडाखाली गाडी लावतात, हँडब्रेक कचकचून ओढतात आणि पाच दिवस तिच्याकडे बघत नाहीत. निघायच्या दिवशी मागचं चाक हलत नाही, किंवा टक्क आवाज होऊन सुटतं. ड्रमच्या आतून घासणारा लायनर ड्रमला गंजाने चिकटलेला असतो. सपाटीला गाडी गिअरमध्ये ठेवा, चाकाला चिरा लावा, हँडब्रेक मोकळा.

चाक सुटल्यावरही तापत असेल तर केबल बघा. आवरणात पाणी शिरून ती गंजते. आतला दांडा खाली जातो, पण केबल मागे सरकत नाही. ड्रम उघडलात तर आतली भुकटी फुंकू नका, जुन्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं. ओल्या फडक्याने पुसा.

किनाऱ्यावर ओल्या वाळूतून गाडी पळवायची हौस असेल, तर घरी येऊन चाकांच्या आत गोड्या पाण्याचा पाइप मारा. आधी चाकं निवू द्या, हे वेगळं सांगायला नको.

एकाहून जास्त चाकं धरत असतील तर

मग चाकापाशी खटपट करू नका, दोष वर आहे. पुढचं डावं आणि मागचं उजवं अशी तिरकी जोडी तापली, तर मास्टर सिलिंडरच्या एका भागाचा संशय घ्या, कारण बऱ्याच गाड्यांत पाइप असेच तिरके विभागलेले असतात. चारही तापली आणि नुकताच ब्रेक लाइटचा स्विच बदलला असेल, तर तो जास्त आत फिरवला गेला असेल. पेडल पूर्ण वर येत नाही, मास्टर सिलिंडरमधली परतीची वाट बंद राहते. पेडलला बोटाने जाणवेल एवढी ढील हवीच.

काम झाल्यावर लगेच गाडी काढू नका

पिस्टन मागे ढकलून सगळं परत बसवलं की पहिल्या दाबाला पेडल तळाला जातं, कारण पॅड आणि डिस्कमध्ये फट असते. पाइप उघडला असेल तर हवा काढून झाल्यावर, इंजिन सुरू करण्याआधी, पेडल घट्ट होईपर्यंत पंप करा. मी होज बसवल्याच्या आनंदात हे विसरलो. गाडी मागे घेतली, ब्रेक दाबला, पाय थेट खाली. हँडब्रेकवर थांबली तेव्हा मागचा बंपर आणि तुळशीवृंदावन यांच्यात हातभर जागा होती, आणि आई ओसरीवरून बघत होती.