पुण्यात नातेवाइकांकडे उतरलात? लहान मुलांना बाहेर कसं न्यायचं ते असं ठरवा

‘पुण्यात मुलांना कुठे न्यावं’ अशा याद्या हव्या तितक्या मिळतात आणि त्यातल्या बहुतेक निरुपयोगी असतात. त्या लिहिणाऱ्यांनी गृहीत धरलेलं असतं की तुम्ही हॉटेलात उतरला आहात, गाडी दाराशी उभी आहे आणि अख्खा दिवस तुमचा आहे. सुट्टीत पुण्याला येणारे बहुतेक लोक उतरतात ते माहेरी, सासरी, मामांकडे नाहीतर नणंदेकडे. तिथे दिवस आपल्या एकट्याचा नसतो, तो त्या घराचा असतो. आम्ही दर दिवाळीत आणि उन्हाळ्यात नागपूरहून येतो. सासर सदाशिव पेठेत, बहीण कोथरूडला, मामेसासरे चिंचवडला. मुलं अगदी लहान होती तेव्हापासून हे करते आहे, आणि माझं ठाम मत आहे की पुण्यात जागा सापडणं सोपं आहे. त्या जागेपर्यंत मुलं ताजीतवानी असताना पोचणं, आणि तेही घरातल्या कुणाला न दुखावता, हे अवघड आहे.

आठ-नऊ वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी हे लिहिते आहे. टोपी, पाण्याची बाटली आणि जादा कपडे घ्या, हे आईबापांना सांगायची गरज नाही.

आधी घर कुठे आहे ते बघा

नातेवाईक राहतात त्या घरापासून अर्ध्या तासात पोचता येईल तेवढंच बघा. मूल लहान असेल तर बाकीचं पुणं नाही असं समजा. चिंचवडला उतरलात आणि कात्रजचं प्राणिसंग्रहालय गाठायचं ठरवलंत, तर वाघ दिसायच्या आत मूल झोपलेलं असतं.

पेठांमध्ये उतरला असाल तर सारसबाग आणि तिला लागूनचं पेशवे उद्यान. चार वर्षांच्या मुलाला याहून जास्त काही लागत नाही. पेशवे उद्यानातली फुलराणी ही छोटी आगगाडी १९५६ पासून मुलांना फिरवते आहे. रविवारी तिच्यासाठी रांग लागते, म्हणून मधला वार धरा. सारसबागेतल्या देवळात जाताना मुलांना सांगा की हा तळ्यातला गणपती, पेशव्यांच्या काळी इथे सगळीकडे पाणी होतं. मग ती पाणी कुठे गेलं ते विचारत सुटतात आणि पायऱ्या कधी चढून होतात ते कळत नाही.

कोथरूड-एरंडवण्याला कमला नेहरू पार्क आणि जोशींचं छोट्या रेल्वेंचं म्युझियम. सिंहगड रोडला पु. ल. देशपांडे उद्यान. ते जपानी धर्तीचं आहे, पाण्यात रंगीत मासे आहेत, पण ते शांतपणे बघायचं उद्यान आहे. धुडगूस घालणाऱ्या मुलाला तिथे नेऊन सतत ‘हात लावू नको’ म्हणण्यात अर्थ नाही. धनकवडी, बिबवेवाडी, कात्रज या बाजूला असाल तर प्राणिसंग्रहालय. कॅम्प-हडपसरकडे एम्प्रेस गार्डन, जिथली जुनी प्रचंड झाडं हाच मुलांचा खेळ. औंध-पाषाणला सकाळी पाषाण तलावावरचे पक्षी. चिंचवडला सायन्स पार्क, आणि ते थोड्या मोठ्या मुलांना.

मेट्रोचं वेगळं सांगते, कारण याद्यांमध्ये तिला नुसतं प्रवासाचं साधन म्हणून लिहितात. पाच वर्षांच्या मुलासाठी मेट्रो हीच सहल आहे. वनाजला बसा. गाडी उंचावरून घरांच्या गच्च्या आणि नदीचं पात्र दाखवत सिव्हिल कोर्टला येते. तिथे उतरून सरकत्या जिन्यांनी जमिनीखाली सुमारे ३३ मीटर खोल जायचं आणि स्वारगेटकडे जाणारी गाडी पकडून मंडईला बाहेर पडायचं. वर आलात की महात्मा फुले मंडईतले भाजीचे ढीग आणि पलीकडे तुळशीबागेतली भातुकली. अर्धा दिवस भरतो आणि पार्किंग शोधावं लागत नाही.

कुणाला विचारायचं

घरातल्या मोठ्यांना ‘मुलांना कुठे नेऊ?’ असं विचारू नका. त्यांचं प्रेम खरं असतं, पण त्यांची माहिती त्यांची मुलं लहान होती तिथे थांबलेली असते. अजूनही कुणीतरी आत्या सांगतातच, ‘अगं, पेशवे पार्कात ने, हत्ती बघेल.’ पेशवे पार्कातले प्राणी २००५ पर्यंत कात्रजला गेले. हत्ती बघायचा म्हणून निघालेलं मूल तिथे जाऊन हिरमुसतं आणि मग फुलराणीकडेही बघत नाही.

विचारायचं ते सोसायटीत किंवा वाड्यात ज्यांचं मूल बालवाडीत नाहीतर पहिली-दुसरीत आहे त्यांना. संध्याकाळी खाली उतरा, घसरगुंडीपाशी अशी एखादी आई किंवा आजी भेटतेच. तिला ‘चांगलं काय आहे’ असं विचारू नका, कारण मग तीही यादी म्हणून दाखवेल. तिला विचारा: गेल्या महिन्यात मुलाला घेऊन कुठे गेला होतात? किती वाजता पोचलात? स्वच्छतागृह कसं होतं? या तीन उत्तरांत सगळं कळतं.

मग निघायच्या आदल्या दिवशी स्वतः फोन करून चालू-बंद विचारा. कात्रजचं प्राणिसंग्रहालय बुधवारी बंद असतं, आणि दारावर येऊन परत फिरणारी कुटुंबं दर बुधवारी दिसतात. महापालिकेच्या बऱ्याच बागा सकाळी उघडून दुपारी बंद होतात आणि चारच्या सुमारास पुन्हा उघडतात. अकराला बागेच्या फाटकाशी पोचणं म्हणजे मुलाला कुलूप दाखवायला नेणं.

घरातून निघणं: खरी परीक्षा इथे आहे

मला याच टप्प्यावर सगळ्यात जास्त त्रास झाला आहे, म्हणून सविस्तर सांगते.

पाहुण्याच्या घरची सकाळ कशी जाते ते आठवा. चहा होतो, गप्पा होतात. एकामागून एक आंघोळी होतात. ‘पोहे खाऊनच जा, टाकलेत मी’ असं कुणीतरी म्हणतं. पोहे होतात, परत चहा होतो. साडेदहा वाजतात. तोवर पहाटे सहाला उठलेल्या मुलाची निम्मी शक्ती संपलेली असते, ऊन चढलेलं असतं आणि बाग बंद व्हायला आलेली असते. ‘मग संध्याकाळी जाऊ’ म्हणावं तर संध्याकाळी भेटायला माणसं येतात आणि रस्त्यांवर गाड्यांच्या रांगा लागतात. म्हणून माझा नियम एकच: सकाळ मुलांची, संध्याकाळ नातेवाइकांची. मूल पाच वर्षांखालचं असेल तर यात तडजोड करू नका.

हा नियम पाळायचा तर आदल्या रात्री जेवताना सांगायचं. सकाळी सांगितलं तर उशीर झालेला असतो. आणि सांगायचं ते ज्यांच्या हातात स्वयंपाकघर आहे त्यांना. मामांना सांगून उपयोग नाही. मामा ‘हो हो, जा की’ म्हणतात आणि विसरतात, आणि सकाळी मामींनी आपल्यासाठी थालीपिठाची भाजणी भिजवलेली असते. मी असं म्हणते: ‘मामी, उद्या सकाळी साडेआठला आम्ही मुलांना घेऊन निघतोय. एक वाजता जेवायला घरीच आहोत.’ या दोन वाक्यांत निघायची वेळ आहे, परतायची वेळ आहे आणि जेवण तुमच्याच हातचं हा दिलासा आहे. तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. पाहुणे बाहेर जेवणार की काय, या शंकेने घरातल्या बाईला जेवढं वाईट वाटतं तेवढं तुमच्या फिरण्याने वाटत नाही. आणि एक म्हटलं की एकलाच पोचा. एकदा दोन वाजवलेत की दुसऱ्या दिवशी तुमच्या शब्दाला वजन राहत नाही.

‘उद्या काय करू या?’ असा प्रश्न मात्र जेवणाच्या ताटावर ठेवू नका. तो ठेवला की सगळे उत्साहाने बोलतात, कुणीतरी ‘आपण सगळेच जाऊ, मोठी गाडी करू’ म्हणतं, आणि अकरा माणसं अकराच्या आत घराबाहेर पडत नाहीत. सगळ्यांनी मिळून जाणं छान असतं, त्यासाठी वेगळा दिवस ठेवा. सिंहगडावरची पिठलं-भाकरी आणि मडक्यातलं दही त्या दिवसासाठी, आणि तेही रविवार सोडून.

नाश्त्याचं उत्तर आहे डबा. ‘मामी, पोहे डब्यात द्याल का? मुलं बागेत खातील’ असं विचारलं की ज्यांना खाऊ घालायचं आहे त्यांचं मन राहतं आणि तुमचा तास वाचतो. आत खायला परवानगी आहे का ते मात्र विचारून घ्या. नसेल तर फाटकाबाहेर, जायच्या आधीच खाऊ घाला.

आता इतर घरची आमंत्रणं. पुण्यात एकाला तुम्ही आल्याचं कळलं की चौघांना कळतं, आणि प्रत्येक जण ‘दुपारी जेवायलाच या’ म्हणतो. सगळ्यांना हो म्हटलंत तर मुलांची सुट्टी दिवाणखान्यांत बसून संपते. काचेच्या वस्तू असलेल्या घरात तीन वर्षांच्या मुलाला दोन तास बसवणं हा त्याच्यावर अन्याय आहे आणि यजमानांनाही ताण. दुपारच्या जेवणाला प्रेमाने नाही म्हणा आणि संध्याकाळचा चहा ठरवा, दिवसाला एकच घर. याहून चांगला उपाय म्हणजे भेटच बागेत ठेवणं: ‘आत्या, तुम्ही सकाळी फिरायला जाताच ना, मग आम्ही सारसबागेत येतो, तिथेच भेटू.’ आत्यांना बाकावर बसून मुलं पळताना बघायला मिळतात आणि आपल्याला दहा मिनिटं धड बोलता येतं. फार चालवत नसलेल्या माणसांकडे मात्र घरीच जायचं, आणि त्या दिवशी दुसरं काही ठरवायचं नाही.

घरातलं एक वडीलधारं माणूस बरोबर घ्या. एकच. आजोबा आले तर जागा बाकांची आणि सावलीची निवडा. त्यांच्या आठवणी माहिती म्हणून जुन्या झाल्या तरी मुलांसाठी सोन्यासारख्या असतात. ‘इथे पूर्वी वाघाचा पिंजरा होता’ हे पेशवे उद्यानात उभं राहून आजोबांनी सांगितलं की मुलं त्या रिकाम्या जागेकडेही टक लावून बघतात. शिवाय आजोबा बरोबर असले की सहल घरची होते, ‘पाहुणे फिरायला गेले’ असं कुणाला वाटत नाही. यजमानांचा बारा-तेरा वर्षांचा मुलगा वाट दाखवायला येत असेल तर तिकिटं काढणं आणि फोटो त्याच्याकडे सोपवा, नाहीतर तो कंटाळतो.

आणि रात्रभर प्रवास करून आलात तर पहिल्या दिवशी कुठेही जाऊ नका.

तिथे पोचल्यावर

एका वेळी एकच जागा. मूल अजून खेळतं आहे तेव्हाच निघा, रडायला लागल्यावर नाही. प्राणिसंग्रहालय सुमारे १३० एकरांचं आहे, सगळं बघायचा हट्ट धरू नका. उघडताच पोचा, बॅटरीवरच्या गाडीने लांबचं आधी बघून घ्या, साप शेवटी. घरी एकला जेवण आणि मग झोप. दुपारी पुण्यातली घरंही निजतात, त्यामुळे मूल झोपलं की सगळ्यांनाच विश्रांती मिळते.

ऋतू आणि पाऊस

दिवाळीत आला असाल तर तिकीट काढून कुठेही जायच्या आधी आसपासच्या सोसायट्यांतले किल्ले बघत फिरा. मुलांनी मातीचे केलेले, वर चित्रातले मावळे उभे केलेले. बघून आल्यावर आपलं मूलही घरी चिखल मागतं, तो द्या. मे महिन्यात साडेदहानंतर उन्हात काहीही ठरवू नका. सुट्टीत नाट्यगृहांमध्ये बालनाट्यं लागतात, सकाळच्या वर्तमानपत्रातल्या जाहिराती बघा. पण तीन वर्षांचं मूल अंधारात घाबरतं, पाचच्या पुढचं न्या. गणपतीत लहान मुलांना मानाचे गणपती सकाळी दाखवा. संध्याकाळी मध्यवस्तीत कडेवरचं मूल घेऊन शिरू नका, गर्दीत मागे फिरता येत नाही.

पावसात दोनच जागा खात्रीच्या वाटतात. एक, जोशींचं म्युझियम. इथे छोट्या गाड्या खऱ्या सिग्नलवर थांबतात, दिवे मालवून रात्रीचं शहर दाखवतात. शो ठरावीक वेळी असतात, म्हणून फोन करून जा. दुसरी, शुक्रवार पेठेतलं राजा दिनकर केळकर संग्रहालय. दिनकर केळकरांनी आपल्या अकाली गेलेल्या मुलाच्या, राजाच्या, नावाने जमवलेला आणि १९७५ मध्ये राज्य शासनाला दिलेला हा संग्रह सुमारे २० हजार वस्तूंचा आहे, आणि तिथेच मोठी माणसं चुकतात. सगळी दालनं दाखवायला निघाल्यावर मुलं दुसऱ्या दालनात जमिनीवर बसतात. त्यांना एकच काम द्या: प्राणी आणि पक्षी शोधायचे. दिव्यांवर, अडकित्त्यांवर, पाय घासायच्या वज्रींवर ते जागोजाग आहेत. पंचेचाळीस मिनिटं झाली की राहिलेली दालनं तशीच सोडून बाहेर पडा. पाऊस जोरात असेल तर रिक्षा आत असतानाच मोबाइलवर बोलवा, बाजीराव रोडवर भिजत हात करण्यात एकची वेळ चुकते.